जन्माला यायला तयार नसलेला नायक: ‘ट्रिस्ट्रम शँडी’ कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट

वाचनालयवाला (धागालेखक):

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, मोठ्या रस्त्यापासून बरेच आत आहे. गावच्या वाचनालयात आम्ही महिन्यातून एकदा भिंतीवर पांढरी चादर ताणून एक चित्रपट दाखवतो. कापूस वेचणीचे दिवस असले की पंधरा-वीस माणसे येतात, एरवी तीस-पस्तीस. या वेळी निवृत्त गुरुजींच्या आग्रहावरून मायकेल विंटरबॉटम यांचा २००५ चा ‘ट्रिस्ट्रम शँडी: अ कॉक अँड बुल स्टोरी’ लावला. संवाद इंग्रजी आणि उच्चार अस्सल ब्रिटिश, त्यामुळे गुरुजी चादरीच्या कडेला खुर्ची टाकून बसले आणि जमेल तसे मोठ्याने मराठीत सांगत गेले. वीसेक मिनिटे झाली असतील, तेव्हा मागच्या सतरंजीवरून प्रश्न आला, “गुरुजी, हा पैदा कधी होते?” गुरुजींनी चित्रपट न थांबवता उत्तर दिले की हा प्रश्न लोक १७५९ पासून विचारत आहेत.

कादंबरीविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण तिची ओळख नसेल तर चित्रपटातला निम्मा विनोद निसटतो. लॉरेन्स स्टर्न हा यॉर्कशरमधल्या एका खेड्याचा पाद्री होता. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, १७५९ च्या अखेरीस, त्याने या कादंबरीचे पहिले दोन खंड यॉर्क शहरात छापून काढले आणि काही महिन्यांतच लंडनमध्ये त्याचे नाव गाजू लागले. १७६७ पर्यंत एकूण नऊ खंड निघाले आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

नायक स्वतःचे चरित्र सांगायला बसतो, पण सुरुवात करतो ती गर्भधारणेच्या रात्रीपासून. त्या ऐन क्षणी त्याची आई नवऱ्याला विचारते की घड्याळाला किल्ली द्यायची राहिली तर नाही ना. वडील वॉल्टर शँडी शिस्तीचे गृहस्थ आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायची आणि संसारातली बाकीची कर्तव्येही त्याच रात्री उरकायची, असा त्यांचा नेम आहे, आणि त्यामुळे त्या माउलीच्या डोक्यात दोन्ही गोष्टींची गाठ पक्की बसली आहे. ही गाठ समजावायची तर वडिलांची ओळख द्यावी लागते, वडिलांची द्यायची तर टोबीकाकांची, आणि काकांची द्यायची तर नामूर नावाच्या किल्ल्याच्या वेढ्याची, जिथे १६९५ मध्ये त्यांच्या जांघेत जखम झाली. असे करत करत तिसरा खंड उजाडतो तेव्हा कुठे नायक जगात येतो. पुस्तकाची प्रस्तावनाही त्याच खंडाच्या मध्यावर येते, कारण बाकीची पात्रे आपापल्या उद्योगात किंवा झोपेत असल्याने लेखकाला ती लिहायला तेव्हाच सवड मिळते! चौथ्या खंडात तो हिशेब मांडतो की वर्षभर लिहून आयुष्याचा पहिलाच दिवस पुरा झाला, म्हणजे आपण लिहितो त्याच्या ३६४ पट वेगाने जगतो आहोत, आणि लिहू तितके लिहायचे शिल्लक वाढतच जाणार आहे. सावकाराचे व्याज पाहिलेल्या माणसाला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शिवाय पानांच्या करामती आहेत. यॉरिक नावाचा पाद्री मरतो तेव्हा दोन्ही बाजूंनी काळे केलेले पान येते. पुढे जिल्दसाजाच्या रंगीत अबरी कागदाचे एक पान लागते. वॅडमन नावाच्या विधवेचे रूप वर्णन करायची वेळ येते तेव्हा लेखक पान कोरे सोडून वाचकाला सांगतो की तुझ्या मनातली बाई तूच काढ. एक अख्खे प्रकरण गायब आहे आणि पृष्ठांकही मधले दहा आकडे गाळून पुढे जातात. आता याचा चित्रपट कसा काढणार?

विंटरबॉटम यांनी काढलेली वाट अशी आहे की त्यांनी कादंबरीचा चित्रपट न काढता, ती कादंबरी पडद्यावर आणू पाहणाऱ्या मंडळींचा चित्रपट काढला. पहिल्याच प्रसंगात स्टीव्ह कूगन आणि रॉब ब्रायडन हे दोन नट स्वतःच्याच नावाने रंगपटात आरशापुढे बसलेले दिसतात आणि ब्रायडनच्या दातांच्या पिवळेपणाला नेमके काय म्हणावे यावर गंभीर चर्चा करतात. कूगन हाच ट्रिस्ट्रम आहे, तोच त्याचा बाप वॉल्टर आहे, आणि तोच ‘स्टीव्ह कूगन’ नावाचा, स्वतःवर फार प्रेम असलेला नटही आहे. ब्रायडन टोबीकाका झाला आहे. कूगनची सगळी चिंता ही की आपल्या बुटांच्या टाचा ब्रायडनपेक्षा उंच दिसल्या पाहिजेत. नायकाच्या बालपणाचे दृश्य चालू असताना प्रौढ ट्रिस्ट्रम कॅमेऱ्यासमोर येऊन सांगतो की हा मुलगा मी नाही, माझे काम करणारा बालकलाकार आहे, आणि आलेल्या वाईट पोरांतला त्यातल्या त्यात बरा म्हणून याला घेतला आहे. गर्भाशयाची मोठी प्रतिकृती बनवून कूगनला तिच्यात उलटे टांगतात. लढाईसाठी पैसे आणि माणसे कमी पडतात. पैसे उभे करण्यासाठी विधवा वॅडमनच्या भूमिकेला जिलियन अँडरसन या प्रसिद्ध अभिनेत्रीला बोलावतात आणि शेवटी संकलित चित्रपट पाहायला सगळे जमतात तेव्हा तिच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरलेले नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की स्टर्नच्या पुस्तकात लिहिणाऱ्याचे जे होते, तेच इथे चित्रपट काढणाऱ्यांचे होते. तिथे आयुष्य लेखणीत मावत नाही आणि इथे कादंबरी पैशात, वेळेत आणि नटांच्या अहंकारात मावत नाही. चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे आणि नऊ खंडांतले फार थोडे त्यात आले आहे, तरी कादंबरीचा मूळ स्वभाव मला त्यात पुरेपूर सापडला. तुम्हाला काय वाटते?

एक गंमत राहिली. टांगलेल्या कूगनचा प्रसंग चालू असताना वीज गेली. पाऊण तासाने आली तेव्हा तबकडी पुन्हा आरंभापासून सुरू झाली आणि दातांची चर्चा दुसऱ्यांदा झाली. निम्म्या मंडळींना तो चित्रपटाचाच भाग वाटला, आणि आम्हीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

निवृत्त गुरुजी:

धागा काढल्याबद्दल आभार. दुभाष्याचे काम करताना मला जे जाणवले ते इथे नोंदवतो.

मी ही कादंबरी बी.ए.ला असताना अर्धी वाचून सोडली होती, कारण मी तिच्यात कथानक शोधत होतो. परवा मोठ्याने सांगायला बसलो तेव्हा उलगडा झाला की हे पुस्तक लिहिलेले कमी आणि बोललेले जास्त आहे. पहिल्या खंडात स्टर्न मध्येच एका वाचक बाईंना दटावतो की बाईसाहेब, मागचे प्रकरण आपण इतक्या निष्काळजीपणे कसे वाचले, आणि शिक्षा म्हणून त्यांना ते प्रकरण पुन्हा वाचायला पाठवून देतो. त्या परत येईपर्यंत तो आपल्याशी, म्हणजे उरलेल्या वाचकांशी, गप्पा मारतो. हा माणूस आयुष्यभर व्यासपीठावरून समोरच्या माणसांशी बोललेला होता, हे विसरून चालणार नाही. यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये १७५० साली त्याने दिलेले एक प्रवचन त्याने दुसऱ्या खंडात जसेच्या तसे घातले आहे. किल्लेबंदीवरच्या एका ग्रंथातून ते कागद खाली पडतात आणि टोबीकाकांचा नोकर कॉर्पोरल ट्रिम ते उभा राहून मोठ्याने वाचतो.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांच्या कीर्तनाविषयी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. बाबा समोरच्या लोकांना प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तर काढून घेत आणि त्या उत्तराला धरून पुढे जात. कीर्तन ठरलेल्या रुळावरून न जाता समोर कोण बसले आहे त्याप्रमाणे वळत असे. स्टर्नचा वाचक तसा समोर बसलेला आहे. चित्रपटात कूगन कॅमेऱ्याकडे वळून बोलू लागतो तेव्हा शहरातले समीक्षक त्याला आधुनिकोत्तर वगैरे म्हणतात. आमच्या सतरंजीवरच्या एकाही माणसाला त्यात नवल वाटले नाही. नटाने प्रेक्षकांशी बोलू नये, हाच नियम त्यांना कोणी कधी सांगितलेला नव्हता.

त्यात एक विनोदही आहे आणि तो मला मराठीत नीट सांगता आला नाही. एका वृत्तपत्राच्या शंभर श्रेष्ठ पुस्तकांच्या यादीत ही कादंबरी आठवी आहे, असे कूगन मुलाखतीत अभिमानाने सांगतो आणि समोरून उत्तर येते की ती यादी कालानुक्रमे होती. मी ‘कालानुक्रमे’ म्हटल्यावर कोणी हसले नाही. ‘जुन्यापासून नव्यापर्यंत लावलेली’ म्हणायला हवे होते, पण तोवर पुढचे दोन प्रसंग होऊन गेले होते.

पानगळ:

मी तालुक्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि ही कादंबरी वर्गात दोन वेळा शिकवली आहे, तेव्हा थोडा विरोधी सूर लावला तर राग मानू नये.

वाचनालयवाले भाऊ, आपला मुद्दा आकर्षक आहे, पण मला तो जरा जास्तच सोयीचा वाटतो. ‘कादंबरी पडद्यावर येत नाही, हे दाखवणे म्हणजेच ती पडद्यावर आणणे’ असे एकदा मान्य केले की दिग्दर्शकाला काहीही गाळायची मोकळीक मिळते. जे जमले नाही तेही यश, आणि जे गाळले तेही यश! मग चूक म्हणायचे तरी कशाला?

माझ्या मते या कादंबरीचा जीव टोबीकाकांमध्ये आहे. जेवताना नाकाभोवती सारखी घोंगावणारी माशी ते शेवटी पकडतात, पण तिला न मारता खिडकी उघडून सोडून देतात आणि म्हणतात की बाई, जा, या जगात तुला आणि मला दोघांनाही पुरेल एवढी जागा आहे. हेच काका हिरवळीवर मातीचे बुरूज आणि खंदक बांधून, वर्तमानपत्रात येणाऱ्या बातम्यांबरहुकूम रोज युद्ध खेळतात. लढाईने ज्याला कायमचे अधू केले, तोच माणूस तिची इतक्या प्रेमाने प्रतिकृती करतो, आणि स्टर्न त्याची टिंगल न करता त्याच्या शेजारी बसून राहतो. काकांवर डोळा असलेली विधवा वॅडमन त्यांना विचारते की जखम नेमकी कुठे झाली. ती शरीरावरची जागा विचारत असते आणि काका तिचे बोट नकाशावर नामूरच्या तटाजवळ नेऊन ठेवायला निघतात. सगळ्या इंग्रजी वाङ्मयात याहून हळवा आणि याहून चावट विनोद मला माहीत नाही.

विषयांतर म्हणून जे हिणवले जाते, त्याची वीणही पाहावी. ट्रिस्ट्रम पाच वर्षांचा असताना मोलकरीण सुझाना त्याला खिडकीतून लघवी करायला उभा करते, तेवढ्यात वर-खाली सरकणारी ती खिडकी धाडकन खाली येते आणि मुलाच्या नको त्या जागी इजा होते. खिडकी का पडली? तिला तोलून धरणारी शिशाची वजने जागेवर नव्हती. ती का नव्हती? कारण काकांच्या खेळातल्या तोफा ओतण्यासाठी ट्रिमने ती काढून नेली होती. काकांच्या युद्धाची पन्नास पाने ज्याने कंटाळून उलटली, त्याला ही खिडकी कळतच नाही. जन्मतानाही हेच झाले. डॉक्टर स्लॉपच्या चिमट्याने नाक चेपले, आणि ‘ट्रिसमेजिस्टस’ हे भारदस्त नाव सुझानाच्या तोंडात धड न राहिल्याने बापाला सर्वांत नावडते असलेले ‘ट्रिस्ट्रम’ नाव पोराला चिकटले. माणसाचे आयुष्य अशा लहान लहान चुकांनी घडते, हे स्टर्नला दाखवायचे आहे आणि त्यासाठी त्याला विषयांतर लागते.

चित्रपटात मात्र टोबीकाकांची जागा बव्हंशी ब्रायडनने घेतली आहे, आणि विनोद कोणाचे नाव आधी व कोणाची टाच उंच यावर येऊन ठेपला आहे. तो हसवतो, मीही हसले. पण स्टर्नच्या हसण्यामागे जी माया आहे, ती मला तिथे फार थोडी दिसली. त्या काळचे मोठे इंग्रज समीक्षक सॅम्युएल जॉन्सन १७७६ मध्ये म्हणाले होते की विचित्र ते फार टिकत नाही आणि ही कादंबरीही टिकली नाही. ते चुकले, याचे कारण मला काळ्या-कोऱ्या पानांत कमी आणि त्या माशीत जास्त दिसते.

पांढरं सोनं:

मी त्या दिवशी सतरंजीवर होतो आणि तो “पैदा कधी होते” वाला प्रश्न माझाच होता, हे कबूल करतो. वाङ्मयातले मला फारसे कळत नाही, म्हणून शेतकऱ्याला कळेल तेवढेच लिहितो.

चित्रपट संपल्यावर मी गुरुजींना नावाचा अर्थ विचारला. ते म्हणाले की इंग्रजीत कोंबडा-बैलाची गोष्ट म्हणजे आपली लोणकढी थाप, आणि कादंबरीचे शेवटचे वाक्यही तेच आहे. मग त्यांनी तो शेवट सांगितला. शँडी यांनी गावासाठी वळू ठेवलेला असतो. त्यांचा गडी ओबादाया आपली गाय त्या वळूकडे नेतो आणि योगायोगाने त्याच सुमारास त्याचे लग्नही झालेले असते. बायको बाळंत होते, त्यावरून गडी हिशेब करतो की आता गायही व्यालीच पाहिजे. आठवड्यांमागून आठवडे जातात, गाय काही वीत नाही आणि संशय येतो तो बिचाऱ्या वळूवर. घरातली शिकलेली मंडळी त्यावर गंभीर चर्चेला बसतात आणि नऊ खंडांची कादंबरी तिथे संपते.

हे ऐकून मला त्या लेखकाविषयी एकदम आपलेपणा वाटला. गाय उलटली की दोष वळूचा, गाईचा की तारीख लक्षात न ठेवणाऱ्या धन्याचा, यावर आमच्या पारावर अख्खी दुपार जाते. तीत लग्ने, भाऊबंदकीचे दावे आणि गेल्या सालचा पाऊस हे सगळे येऊन जाते आणि गाईचा निकाल लागत नाही. पानगळताई म्हणतात तसे त्या बोलण्यातले कोणते वाक्य कुठे कामाला येईल ते सांगता येत नाही.

चित्रपटात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे गरम चेस्टनट विजारीत पडतो तो प्रसंग. आपल्या शिंगाड्याएवढे ते फळ असते. नट आधी तोऱ्यात सांगतो की भाजल्याचा अभिनय कसा करायचा असतो, आणि मग खरोखरच भाजते. तिथे गुरुजींना भाषांतर करावे लागले नाही.

झाडीपट्टीकर:

मी गडचिरोली जिल्ह्यातला आहे. दिवाळी सरली, धान घरात आले की आमच्याकडे मंडई म्हणजे गावजत्रा आणि नाटकांचे दिवस सुरू होतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. लहानपणापासून मंडपाच्या मागच्या बाजूला वावरल्यामुळे मला हा चित्रपट मागच्या बाजूने पाहावासा वाटतो.

पानगळताईंचा टोबीकाकांचा मुद्दा मला मान्य आहे, पण नटांच्या अहंकाराला त्यांनी जरा हलके लेखले, असे वाटते. आमच्या गावात एका रात्री राजाच्या भूमिकेतला नट आणि प्रधानाच्या भूमिकेतला नट यांचे मुकुटावरून वाजले. प्रधानाचा मुकुट राजापेक्षा दोन बोटे उंच होता. दुसऱ्या अंकात राजा मुकुट न घालताच रंगमंचावर आला आणि म्हणाला, “प्रधानजी, आज आमचाही मुकुट तुम्हीच सांभाळा.” वाक्य नाटकात नव्हते, पण प्रधानाला दोन मुकुट हातात धरून अख्खा प्रवेश काढावा लागला आणि लोकांनी त्यालाच सर्वांत जास्त टाळ्या दिल्या. कूगनच्या टाचा पाहताना मला ते दोन मुकुट आठवत होते. टोबीकाकांचा जसा किल्ल्यांचा नाद, तसा नटाचा उंचीचा नाद. स्टर्न अशा नादाला लहान मुलाच्या लाकडी घोड्याची उपमा देतो, असे गुरुजींनी मला एकदा सांगितले होते. मग चित्रपटवाल्यांनी किल्ल्याचा घोडा सोडून टाचेचा घोडा घेतला, तर ते कादंबरीला सोडून झाले असे म्हणता येईल का?

दुसरे, त्या चित्रपटात रात्री चित्रीकरण संपल्यावरचा जो भाग आहे, त्यात कूगनची जोडीदार लहान बाळाला घेऊन भेटायला आलेली असते, आणि त्याला मात्र दिग्दर्शक, पत्रकार आणि पोशाखवाले या सर्वांकडे जावे लागते. पडद्यावर बापाचे काम करणारा नट, पलीकडच्या खोलीत त्याचे खरे बाळ, आणि त्याला धड वेळ नाही. माया तिथे आहे, ताई. ती काकांकडून बापाकडे सरकली आहे, इतकेच.

पानगळ:

झाडीपट्टीकर, बाळाचा भाग मी नुसता जोडकथानक म्हणून पाहिला होता. वॉल्टर शँडी मुलाच्या शिक्षणासाठी ग्रंथ लिहायला घेतो आणि तो लिहिण्यात इतका गुंततो की मुलगा ग्रंथाच्या पुढे वाढत जातो आणि लिहिलेली पाने निरुपयोगी होत जातात, हे कादंबरीत आहे. कूगन तो बाप पडद्यावरही आहे आणि पडद्यामागेही आहे. तेवढे मी मान्य करते.

विधवा वॅडमनबद्दल मात्र माघार नाही. नकाशावरचे ते बोट ज्या चित्रपटात निसटते, त्याने मोठी किंमत मोजली आहे.

ठेचा भाकर:

सगळ्यांचा आदर राखून सांगतो की मला चित्रपट कंटाळवाणा वाटला. चित्रपट काढण्याविषयीचे चित्रपट पुष्कळ झाले आहेत. इटालियन दिग्दर्शक फेलिनी यांनी ‘साडेआठ’ १९६३ मध्येच काढला होता, आणि या मंडळींनी त्याचे नीनो रोटा यांचे संगीतही उचलून वापरले आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे ‘कोसला’सारखी कादंबरी अशा रीतीने पडद्यावर येऊ शकेल का? तिच्यात जे आहे ते पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्याच्या लकबीत आहे. प्रत्येक वाक्यात येणारे ते ‘उदाहरणार्थ’ कॅमेऱ्याने कसे टिपायचे? आणि विदर्भापुरते बोलायचे तर उद्धव शेळके यांच्या ‘धग’चे काय?

वाचनालयवाला (धागालेखक):

ठेचा भाकर, संगीत उचलले आहे हे खरे, पण ते लपवलेले नाही. ज्याला ओळखू येईल त्याने हसावे यासाठीच ते तिथे ठेवले आहे. स्टर्नही जुन्या ग्रंथांतले उतारे बिनदिक्कत उचलत असे, आणि वाङ्मयचोरीची निंदा करणारा त्याचा उतारासुद्धा दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेला आहे.

‘धग’ची गोष्ट वेगळी आहे. १९६० च्या त्या कादंबरीत कौतिकचा संसार सरळ उलगडत जातो आणि कथानक म्हणून ती पडद्यावर यायला काही अडचण नाही. अडचण तिच्यातल्या वऱ्हाडी बोलीची आहे. आमच्याकडे ‘तो जाते’, ‘तो येते’ हे घरातले बोलणे आहे. तेच पडद्यावर आले की पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हसू येते, कारण विनोदी नोकराच्या तोंडी ते ऐकायची त्याला सवय लागली आहे. कौतिक रडत असताना कोणी हसले तर ती कादंबरी तिथेच मेली. तेव्हा एखादे पुस्तक पडद्यावर येत नाही ते कधी पानांच्या करामतींमुळे, तर कधी बघणाऱ्याच्या कानामुळे. ‘कोसला’विषयी मला वाटते की ‘उदाहरणार्थ’ टिपण्याच्या नादाला न लागता, ते कसे म्हणावे यावर भांडणारे दोन नट दाखवले तर काहीतरी हाती लागेल.

पानगळताई, आपला पहिला आक्षेप मी दोन दिवस मनात घोळवला. जमले नाही तेही यश, हे मी म्हणायला नको होते. लढाईच्या प्रसंगात माणसे कमी पडली, त्याचा चित्रपटाने विनोद केला आणि तो जमला. विधवेचा भाग कापला गेला, त्याचाही विनोद केला, पण तिथे विनोदाने तिची जागा भरून निघाली नाही, हे आपण म्हणता ते पटते. त्या कोऱ्या पानाला पडद्यावर काय उत्तर असू शकले असते, ते मला सुचलेले नाही.

निवृत्त गुरुजी:

थोडे विषयांतर करतो, या धाग्यावर त्याला हरकत नसावी. स्टर्नचा आपल्या महाराष्ट्राशी एक धागा आहे. १७६७ मध्ये, म्हणजे शेवटचा खंड निघाला त्याच वर्षी, तो लंडनमध्ये एलायझा ड्रेपर या विवाहितेच्या प्रेमात पडला. तिचे यजमान ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले अधिकारी होते. त्याच वर्षी ती जहाजाने मुंबईला परतली, आणि क्षयाने खंगत चाललेला हा पाद्री तिच्यासाठी रोजनिशी लिहीत बसला. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. पुढे १७७३ मध्ये एलायझा माझगावच्या घरातून एका आरमारी अधिकाऱ्याच्या मदतीने पळून गेली. विधवा वॅडमनचे कोरे पान त्याने एलायझा भेटण्यापूर्वीच छापले होते, हे ध्यानात घेतले की थोडे विचित्र वाटते.

पांढरं सोनं:

गुरुजी, पुन्हा एकदा लावा. या वेळी पऱ्हाटी उपटून झाल्यावर लावा, म्हणजे माणसे जास्त येतील. आणि वीज गेली तर तबकडी जिथे थांबली तिथूनच सुरू करायची का पहिल्यापासून, ते आधी ठरवून घ्या, कारण घरी सांगून यावे लागते.

वाचनालयवाला (धागालेखक):

पुन्हा लावायचे ठरले आहे. पानगळताई येणार आहेत आणि चित्रपटाआधी टोबीकाकांच्या माशीचा उतारा मराठीत वाचणार आहेत.

त्या कोऱ्या पानासाठी आम्ही एक प्रयोग केला. वाचनालयाच्या टेबलावर एक वही उघडी ठेवली, एका पानावर ‘श्रीमती वॅडमन’ एवढेच लिहिले आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवली, ज्याला जशी सुचेल तशी बाई त्याने काढावी म्हणून. पहिल्या दिवशी शाळेतल्या मुलींनी दोन चित्रे काढली, एक फुगेवाल्या बाह्यांची आणि एक चष्मा लावलेली. तिसरे चित्र कोणाचे ते कळले नाही. त्यात डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पाठमोरी उभी आहे आणि तिच्यासमोर खंदक आहे की पाटाची चारी, ते ठरवता येत नाही. आज सकाळी कुलूप उघडून पाहिले तर तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत कोणीतरी तुरीच्या तीन पोत्यांचा हिशेब मांडून ठेवला आहे, आणि बेरीज चुकली आहे.